चौथा अ‍ॅप्रन

तीन तयार आहेत, मॅडम – चौथ्याचं सांगतो ना, बसा तर खरं! तुमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांनीच केलंय हे सगळं. मागच्या खेपेला काय म्हणालात – आम्ही लॉंड्रीवाले डाग काढायला वापरतो त्याच जातीचं औषध उंदरांना देता, त्यांचं लिव्हर खराब होतं, आणि ज्यांना आधी हळदीतला अर्क दिला त्यांचं बरंचसं वाचतं. झालं! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, घरी जाऊन बायकोला सांगितलं – स्वतःच्या हातानं पायावर धोंडा! भातात हळद, अंड्यात हळद, दुधात तर इतकी की पेला पिवळा पडलाय. अहो, तीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवरची हळद काढतोय, जन्माची वैरीण ती माझी – आणि आता तीच घशाखाली!

पुढचंही म्हणाला होतात, आठवतंय मला – हळदीचं हे उंदरांपुरतं, तुम्ही मास्क लावा, खिडकी उघडा, रक्त तपासा. ते नाही सांगितलं घरी. का म्हणजे? दुकान बंद करायला लावेल ना ती – नाही, खोटं कशाला बोलू. ती रोज चारला पेला घेऊन येते हो. तीस वर्षांत इथे पाय ठेवला नव्हता, वास सहन होत नाही म्हणायची. आता नाकाला रुमाल लावून समोर उभी राहते, पेला रिकामा होईपर्यंत. मग जरा बसते, बोलते. आवडतं मला ते, काय करू!

रक्त तपासलं की. पाकीट मंगळवारी आलं – हे बघा, बंदच आहे. हातात घेतलं, दुसऱ्या हातातला पेला कलंडला, आणि दूध सांडलं तुमच्या अ‍ॅप्रनवर. तोच चौथा. डाग काढायचा तर औषधाचा डबा उघडायला हवा, आणि मंगळवारपासून झाकणाला हात लावलेला नाही मी. भीती वाटते, मॅडम. तुम्हीच फोडा. वाचा… अशा आठ्या नका घालू हो – काय? लिव्हरचा आकडा थोडासाच वाढलाय? नक्की? डॉक्टरांना दाखवतो, उद्याच! मास्क – लावतो! खिडकी – गंजलीय मेली – उघडली! अरे वा, वारा येतो की इथे!

थांबा, तीच येतेय समोरून. अ‍ॅप्रन परवा न्या. आणि हळदीबद्दल एक अक्षर काढायचं नाही हं, हात जोडतो – ये गं, ये! या होय? गिऱ्हाईक आहेत, निघाल्यात. दे इकडे पेला – आणि बस जरा, आज वारा आहे.