नावेतला दिवा

माझं माहेर पापनाशम. अमचे पूर्वज राजांच्या वेळीं तंजावुरास आले म्हणतात, कोण आले कशाला आले ते मला विचारूं नका, मला ठाऊक अहे ते इतकंच कीं अप्पा तांदळाच्या गिरणींत नोकरीला होते आणि घरांत मराठी, दाराबाहेर तमिळ. तुमचं पुण्याचं मराठी ऐकलं कीं कुणी रेडिओ लावल्यासारखं वाटतं, हसूं नका. मला मराठी लिहितां येत नाही, म्हणून तुम्ही लिहा, पण मी बोलते तसंच लिहा, सुधारायला जाऊं नका. मी ब्लाऊज शिवते. लग्नाआधीं शिकलें, अजून शिवते, डोळ्याला चष्मा लागला तरी हात चालतो.

लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर झालं, अमच्या पापनाशमलाच. सासर कोळ्ळिडम नदीच्या पलीकडच्या गांवीं. कार्तिकांत अमच्याकडे पाऊस, तेव्हां नदीला पाणी. पूल होता पण लांब, मोठा वळसा, म्हणून सगळे नावेनंच जायचे यायचे. केबल टीव्ही गल्लीगल्लींत आलेला, आणि लग्न म्हटलं कीं व्हिडिओ पाहिजे, नाही तर लग्न झालंसंच कुणाला वाटत नसे. अमच्या लग्नाला व्हिडिओवाला आणला तो माझ्या सासूच्या धाकट्या भावानं, वेंकटमामांनीं. मामा म्हणजे काय सांगूं तुम्हांला, हौशी माणूस, जिथं चार माणसं हसताहेत तिथं मधोमध मामा. लहानपणीं आई गेली म्हणून सासूनंच त्यांना वाढवलं, भाऊ कसला, पोटचा मुलगाच.

त्या व्हिडिओपायीं उशीर झाला. निघतांना मी रडलें, तर तो व्हिडिओवाला म्हणतो नीट आलं नाही, पुन्हा एकदां रडा. पुन्हा रडलें. नदीवर पोचलों तेव्हां काळोख पडला होता. अप्पा म्हणाले वॅननं पुलावरून जा. शास्त्री म्हणाले उद्यां प्रवेशाला दिवस चांगला नाही, आजच घरांत पाऊल पडलं पाहिजे. मामा म्हणाले वळसा कशाला, नाव अहे कीं, मी अहे कीं. सासू घरीं होती, आरतीचं ताट घेऊन वाट बघत.

नावाडी म्हणजे रामय्या. रात्रीं नाव सोडायची त्याची एक रीत होती. पलीकडच्या काठावर खांबाला पेट्रोमॅक्स टांगलेला, त्याच्याकडे बघत तो नाव न्यायचा, आणि नावेंत दिवा लावूं द्यायचा नाही, विडीसुद्धां नाही. डोळ्यापुढं उजेड आला कीं लांबचं दिसत नाही म्हणून. आणि उठायचं नाही, बसायचं. निघतांना त्यानं सगळ्यांना हे सांगितलं, मामांनाही सांगितलं, मामा सरि सरि म्हणाले, म्हणजे बरं बरं.

मध्यावर आलों आणि मामा त्या व्हिडिओवाल्याला म्हणाले, आतां लाव, नवरानवरी नावेंत, असं सीन सिनेमांतसुद्धां मिळायचं नाही. त्यानं बॅटरीचा तो मोठा दिवा लावला. मला तर माझ्या हातावरची मेंदी दिसली, बाकी जग गेलं. रामय्या ओरडला दिवा विझवा म्हणून. मामा हसले, एक मिनिट रे. आणि उभे राहून सगळ्यांना बोलावलं, या, इकडे या, सगळे दिसायला पाहिजेत. लोकांचं काय, व्हिडिओंत यायचं म्हटल्यावर उठलेच. सगळं वजन एका बाजूला. रामय्याला काठ दिसेना, नाव वाळूच्या उंचवट्यावर घासली, आणि कलंडली.

घरं बांधायला वाळूच्या लॉऱ्या तेव्हां नदींत उतरायच्या, उपसून उपसून खड्डे केलेले. एका पावलाला पाणी कमरेएवढं, दुसऱ्या पावलाला पायच लागत नाही. मी नऊवारींत होतें, कासोटा होता म्हणून पाय मोकळे राहिले, नावेची कड धरून राहिलें. ह्यांनीं माझा दंड धरलेला, निळा पडला होता नंतर. रामय्यानं एकेकाला वाळूवर ओढलं, मग पलीकडच्या काठावर नेलं. सगळे मिळाले. मामा नाही मिळाले. सकाळीं मिळाले, खालच्या वळणावर.

आतां पुढचं ऐका. मी ओल्या शालूंत त्या पेट्रोमॅक्सखालीं बसलेली, आणि मागं सासरच्या दोघी बायका बोलताहेत, उंबऱ्याला पाय लागायच्या आधींच माणूस घेतलं हिनं, कसला हा पायगुण. तो शब्द मी ऐकला. घरांत न घेतां मला परत माहेरीं पाठवलं, तेरावा होऊं दे म्हणून. ह्यांनीं मोठ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. अप्पा जेवेनात. आई म्हणायची बोलावतील, पण तिचा आवाजच सांगायचा कीं नाही बोलावणार. मी मशीनवर बसून शेजारणींचे ब्लाऊज शिवत राहिलें, दुसरं काय करणार. मामा गेले त्याचं दुःख होतंच, पण खरं सांगूं, भीती जास्त होती, जन्मभर तो शब्द कपाळावर घेऊन बसायची.

तेरावा झाला आणि सासू स्वतः आली. दिवसाउजेडीं, त्याच रामय्याच्या नावेंतून. अप्पांना म्हणाली, माझी सून न्यायला आलें. सासरीं पोचलों तर उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, त्या दोघी बायका दारांतच होत्या. सासूनं आधीं त्यांच्याकडे बघितलं. म्हणाली, माझा भाऊ नावेंत उभा राहिला, दिवा लावला, नको म्हटलेलं ऐकलं नाही, म्हणून गेला. त्याला मी वाढवला, मी सांगते. हिच्या पायाचं नांव घ्यायचं नाही. मग मला म्हणाली, ओलांड. मी माप ओलांडलं.

पण मन कसं असतं बघा. मला वाटायचं, लोकांसमोर बोलली, मोठेपणा केला, पण आंत कुठं तरी तो शब्द ठेवला असेल. इतकी वर्षं एका घरांत राहिलों, भांडलोंसुद्धां, आमटींत चिंच जास्त म्हणून भांडलों, पण हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

आतां तिचं वय झालं, सगळं विसरली. मला कधीं बहीण म्हणते, कधीं शिंपीण म्हणते, तें तर खरंच अहे. म्हातारपणीं तोंडाची गांठ सुटते, आंतलं बाहेर पडतं, शेजारणीला काय काय शिव्या दिल्या, बापरे. मी भीतच होतें, आतां निघेल तो शब्द. नाही निघाला. संध्याकाळीं दिवे लावले कीं ती उठून बसते, दाराकडे बघते आणि ओरडते, वेंकट, दिवा विझव रे, खालीं बस. रोज. मी तिच्याजवळ जाते, हात धरते, म्हणते विझवला, बसला खालीं. मग ती निजते.

देव तिला सुखानं नेवो. तुम्ही चहा घ्या, निवाला.