डोळे मीट, प्रार्थना करू

—आणि मी सांगते त्यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, पोरी, मग तुला मानलं! म्हातारी थापाडी म्हणून चर्चच्या अख्ख्या मंडळीत नाव आहे माझं. तरी पाळकसाहेब तरुण संघाची सगळी पोरं सरावाला माझ्याच दारात धाडतात — मी देव न मानणारी बाई व्हायचं, पोरांनी मला येशूबद्दल सांगायचं. चौथीत दोनदा बसले मी, पण हे सोंग असं वठतं की कधीकधी माझं मलाच भ्या वाटतं. तुझ्या आधी तो लंबू येऊन गेला ना — छाती काढून विचारतो, "आजी, आज तुम्हाला मरण आलं तर कुठे जाल?" म्हटलं, आज नको रे बाबा, उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, महिनाभर थांबून नंबर मिळालाय! बिचारा कागद उलटसुलट करून उत्तर शोधत बसला.

आण तुझा कागद. किती, नऊ मुद्दे? आणि हे उद्या त्या मैत्रिणीला ऐकवणार — जिचा बाप जाऊन आठवडा नाही झाला? एका बाकावर बसता ना गं दोघी? अगं, रडतेस काय, चिडवत नाहीये मी — बरं, चिडवतेय, पण थोडंसंच. कळतंय मला. गप्प राहिले तर देवाला तोंड कसं दाखवू, आणि बोलले तर ती पुन्हा तोंड दाखवणार नाही — हेच ना? बस इथे. ती उशी सरकव, खाली माझा चष्मा असेल.

आधीच्या पाळकीणबाईंची गोष्ट सांगते. सगळ्या पोरांना सांगते मी ही. बाई वारल्यात, तक्रार करायला यायच्या नाहीत. तर ही आमची शेजारीण, भिंतीपलीकडची इस्त्रीवाली — तिचा नवरा गेला. आणि पाळकीणबाई निघाल्या, काखेत बायबलचं पुस्तक, मान अशी वर — जणू स्वर्गाची किल्ली यांच्याच कमरेला. इस्त्रीवाली बिचारी एका शर्टाला इस्त्री करत उभी. बस म्हणाली. बाई कसल्या बसतात? तासभर बोलल्या. मरण म्हंजे काय, पाप म्हंजे काय — तिनं विचारलं नव्हतं हां, एक अक्षर विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "डोळे मीट, प्रार्थना करू." आणि तिनं मिटले की गं! मान ठेवायचा म्हणून मिटले, मान खाली घातली — आणि हात तसाच इस्त्रीवर. तापलेल्या. बाईंची प्रार्थना चालू — लांबच लांब, आपल्याच आवाजावर खूश. वास आला, तर तिनं हात हलवला. बाई काय म्हणाल्या असतील? "हलू नकोस, देव काम करतोय." आमेन होईस्तोवर शर्टाच्या पाठीला हे एवढं भोक. आणि शर्ट गिऱ्हाइकाचा नव्हता. नवऱ्याचा होता. निळ्या बारीक रेघांचा, कॉलर उलटून शिवलेली, एक बटण वेगळ्या रंगाचं—

काय? मला कसं ठाऊक? ऐकलं असेल कुठेतरी. बटणाचं? बटणाचंही ऐकलं. असं बघू नकोस. तू तर पोलिसात जा, पाळकांकडे काय करतेस?

बरं बाई, ती प्रार्थना करणारी मीच होते. पाळकीणबाई बिचाऱ्या त्या दिवशी तिला भाजी-भाकरी देऊन, तिची भांडी घासून गेल्या होत्या — एक वचन बोलल्या नाहीत. मला राग आला होता त्यांचा. म्हटलं, संधी घालवली बाईनं, आता मी दाखवते! दाखवलं. अकरा वर्षं झाली. ती ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "त्यांचा होता." आणि दुसऱ्या दिवशी दोरीवरचे माझेच धुतलेले कपडे घडी घालून दारात ठेवून गेली. अजून ठेवते. ती नास्तिक बाई — आणि घडी अशी, की मला अंगात घालायची लाज वाटते.

तू उद्या कागद घरी ठेव. जा, तिच्याजवळ बस. भाजी निवडायची असेल तर निवड. तिनं विचारलं, संकटात तू कुणाला हाक मारतेस, तर सांग — जेवढं तुझं तुला ठाऊक आहे तेवढंच, उसनं नको. आणि डोळे उघडे ठेव गं बाई.

आता काय? सॉरी म्हटलं का तिला? नाही म्हटलं. देवाकडे रोज मागते माफी — ते सोपं, तो काही समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत नाही. हिच्या दारात गेले की गंमत सुचते, हसवते तिला, आणि परत येते. अकरा वर्षं हसवतेय.

ऐक — भिंतीपलीकडे. खोकी बांधतेय. लेकीकडे चाललीय कायमची, दुपारी गाडी यायचीय. सकाळपासून ऐकतेय मी हा आवाज, आणि तुला लंबूच्या गोष्टी सांगत बसलेय.

माझ्या चपला दे. नाही, पुस्तक नको. पुस्तक राहू दे तिथेच. आणि तू माझ्या मागे येऊ नकोस — काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, आणि या वेळी गंमतही सुचत नाहीये. मी रडताना फार वाईट दिसते. जा आता. जा म्हटलं ना — त्या बाजूनं जा.