काटा शून्यावर, चाक वाऱ्यावर

गाडीवर बसले की माझी नजर ह्यांच्या खांद्यावरून वेगाच्या काट्यावर असते. बाळ झाल्यापासून तर काटा तिसाच्या पुढं गेला की मी चिमटा काढते आणि हे मागचा ब्रेक दाबतात.

परवा माहेरी वाईला निघालो, तर कराडातच ब्रेक लागेना. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "ब्रेकचं लायनर पार झिजलंय."

"हिच्या चिमट्यांनी," हे म्हणाले.

नवीन लायनर बसलं, तरी बाळाला घेऊन परत गाडीवर बसायचं माझं धाडस होईना. मग माझी खात्री पटवायला मिस्त्रीनं गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी केलं, गिअर टाकला आणि रेस दिली. मागचं चाक असं गरगरलं की तारा दिसेनाशा झाल्या. काटा मात्र शून्यावर!

"आवं, काटापण बिघडला!"

"न्हाई वहिनी, काट्याची केबल पुढच्या चाकातनं येती. ते कुठं फिरतंय?"

मी बघतच राहिले. चाक वाऱ्यासारखं पळत होतं, बाळ खांद्यावर गाढ झोपलं होतं, आणि कशाचीच भीती नव्हती.

"मला असंच न्या ना वाईला," मी म्हटलं.

"नेतो की," हे म्हणाले. "फक्त वाईला जरा इकडं सरकायला सांग."