सातवी बशी

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून बसल्या होत्या. समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींच्या गप्पा ऐकता ऐकता दाढेचा ठणका जरा मागे पडला होता.

"जावई जहाजावर विजेची कामं करतो ना, तिथल्या आचाऱ्याकडून इंडोनेशियन नूडल्स शिकून आला. म्हणाला, आई, रविवारी स्वयंपाकघर माझं."

"आणि तू दिलंस?"

"दिलं, पण दारातच उभी राहिले. नूडल्स उकडून पंख्याखाली सुकवल्या. कढई धूर निघेपर्यंत तापवली. लसूण, मिरची, कोबी, अंडं, वरून तो काळा गोड सॉस. आणि केली किती? एक बशी!"

"माणसं सात, आणि एक बशी?"

"मीही तेच म्हटलं, टाक की सगळं एकदम! तर म्हणाला, गर्दी केली की कढई थंड पडते, मग लगदा होतो. एकेकाची वेगळी करायची."

"अगं बाई! आणि केल्या?"

"सहा वेळा. घामाने निथळत होता, पण कपाळावर आठी नाही. पहिली बशी मला. नावं ठेवायला तोंड उघडलं, ते खाण्यातच गुंतलं."

"मग तो कधी जेवला?"

"बावीस नंबर!" आतून हाक आली. बावीस नंबर शिंपीणबाईंचाच होता. त्यांनी शेजारच्या माणसाला खुणेनेच पुढे पाठवलं.

"जावयाला हाताला धरून टेबलाशी बसवलं. सातवी मी केली."

"जमली?"

"कसली जमतेय! खाली लागली. पठ्ठ्याने बशी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणतो कसा, आई, पुढच्या रविवारी कढई तुमची. दारात मी उभा राहतो."