दोन घरांची एक जोडी

तुम्ही तेलुगू पिक्चरमधल्या मारामारीला हसता, पण मला हसू येत नाही. ज्ञानोबा माझा दीर. त्याचा जिवलग दोस्त मारोती बांधाच्या भांडणात मारला गेला, आणि मारणारा जामिनावर सुटून गावात परतला. त्या दुपारी टीव्हीवर असाच पिक्चर लागला होता. त्यात हिरो एकटाच दोस्ताच्या खुनाचा बदला घेतो. पिक्चर संपला आणि ज्ञानोबा अंगणात कुऱ्हाडीला धार लावायला बसला. मी रडून विनवलं, तरी ऐकेना.

तेवढ्यात मारोतीची बायको सुनीता तिचा बैल घेऊन आली. दोन्ही घरी एकेकच बैल होता, म्हणून जोडी लावून दोन्ही शेतं करायची रीत होती.

"भावजी, काहून धार लावून राहिले?"

"मारोतीचा बदला घ्यायचाय. पिच्चरमधी दोस्तानं घेतला, बराबर तसाच."

"आन् मेलेल्याच्या बायकोचं पुढं काय झालं?"

ज्ञानोबाचा हात थांबला. "तिला पुढं दाखवलंच न्हाई."

"तुमी जेलात गेल्यावर ह्या बैलासंग कोणाचा बैल जुपू मी?"

त्यानं कुऱ्हाड ठेवली आणि दोन्ही बैल घेऊन तो सुनीताच्या शेतात गेला. मी भाकर घेऊन मागोमाग गेले. बांधावर मारोतीला मारणारा उभा होता.

"राम राम, ज्ञानोबा," तो म्हणाला.

"राम राम," ज्ञानोबा म्हणाला, आणि बैल हाकत राहिला.