देव कशानं गेले

—नाही गं, उठवत नाही त्यांना, आत्ताच डोळा लागलाय. तू बस. फुलं दे इकडे. अगंतुगं केलं तर चालेल ना? माझ्या धाकट्या भाचीएवढी तर आहेस. सिनेमाच्या कंपनीतून माणूस येणार म्हटल्यावर मला वाटलं, कुणीतरी सुटाबुटातला पोट सावरत येईल. तर काय म्हणत होतीस — चौथ्या भागात देव परत येणार? म्हणजे हेच? आत्मा होऊन? बरं बाई, आत्मा तर आत्मा. दाढी तीच ना पण? नाही, विचारते आपली, त्या दाढीच्या गोंदानं यांची हनुवटी पार सोलून निघायची, आणि बाहेर लोक म्हणायचे, काय तेज आहे हो देवाच्या चेहऱ्यावर! तेज कसलं, आग व्हायची नुसती.

पण आधी मला एक सांग. तुम्ही त्यांना मारलंत कशानं? हसू नकोस, खरंच विचारतेय. चार हजार वर्षं तो देव आकाश खांद्यावर घेऊन उभा, एवढीशी सर्दी नाही कधी झालेली. आणि तिसऱ्या भागात काय, तर पायऱ्यांवर येऊन बसतो, इकडेतिकडे बघतो, दोन शब्द बोलतो, आणि धूर. संपलं! रोग नाही, वार नाही, शाप नाही. बरं, तो पंखवाला मुलगा, ज्याच्यासाठी म्हाताऱ्यानं जन्म काढला, तो काय करतो? नवं चिलखत घालून उडून जातो! बापाची राख सावडायला तरी थांबशील की नाही मेल्या? थेटरात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, ते बायकोला म्हणाले, "वय झालं होतं." मी अंधारातच म्हटलं, अहो, देवाचं कसलं वय? आणि झालंच असेल, तर नेमकं त्या दिवशी दुपारीच झालं का?

आमच्या गल्लीत तर नुसता ऊत आला होता. औषधाच्या दुकानातला विचारतो, काकू, देव कशानं गेले हो? न्हावी म्हणतो, मुलानंच विष घातलं, पुढच्या भागात कळेल बघा. वरच्या मजल्यावरची बाई खरोखर भेटायला आली, आवाज खाली आणून, आणि हेच दार उघडायला गेले! किंचाळली ना ती. हे म्हणतात कसे, "या, आत्ताच गेलो मी." — विनोद जात नाही माणसाचा. बाकी सगळं जातं.

म्हणजे — तसं काही नाही. सर्दीपडसं, गुडघे, हेच. तू चहा घे.

कारण नव्हतंच असं नाही हं. कारण होतं. चांगलं दीड पान लिहिलेलं होतं! मला विचार ना, सगळं पाठ आहे मला. देव पायऱ्यांवर बसून मुलाला सांगतो — "बाळा, तू पहिल्यांदा उडायला गेलास आणि पडलास, तेव्हापासून तुझ्या अंगावरचा प्रत्येक घाव मी माझ्या अंगावर घेत आलो. तुला वाटत राहिलं, तू अमर आहेस. आता माझ्या अंगावर जागा उरली नाही." — आहे की नाही? बघ, तुझा कप हातातच राहिला. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं होतं गं! आम्ही दोघं स्वयंपाकघरात रोज म्हणायचो, हे देव आणि मी मुलगा, लाटणं हातात घेऊन.

मग सिनेमात का नाही म्हणजे? ते बोललेच नाहीत ना!

म्हणजे असं — शूटिंगला तिथं ते पंखे होते, माणसाहून उंच. देवाचा झगा उडला पाहिजे म्हणून चारी बाजूंनी लावलेले. गिरणीत उभं राहिल्यासारखं. मी खांबामागून ओरडतेय, "बाळा, तू पहिल्यांदा उडायला गेलास" — आणि माझंच मला ऐकू येईना, तर यांना काय येणार? — खांबामागे कशाला म्हणजे? पाणी द्यायला. लागतं ना पाणी घशाला. आणि एखादा शब्द अडला तर... सगळ्यांचाच अडतो. दुसऱ्या भागात नाही का मी सिंहासनामागे बसायचे? छान चाललं होतं आमचं. मी हळूच म्हणायचे, हे गर्जना करून म्हणायचे. अख्खं स्वर्गाचं राज्य आम्ही दोघांनी तसंच चालवलं, कुणाला पत्ता नाही. दिग्दर्शकाला वाटायचं, काय थांबतात हो दोन वाक्यांमध्ये, काय वजन आहे!

त्या दिवशी मात्र पंखे. हे बसले पायऱ्यांवर. वाट बघतायत. मी ओरडतेय. हे खांबाकडे बघतायत, मी दिसत नाही त्यांना, नुसतेच बघतायत. इतका वेळ गं... आणि मग एकदम लहान मुलासारखे म्हणाले, "थंडी वाजतेय. घरी जाऊया ना."

मला म्हणाले ते. माझ्याशी बोलत होते.

आणि दिग्दर्शकानं काय करावं? टाळ्या! डोळे पुसतोय! म्हणे, अप्रतिम, दीड पान फेका, हेच ठेवा, देव मूळ घरी निघाला! आता लोक त्यावर व्याख्यानं देतात. घर म्हणजे कोणतं घर, थंडी म्हणजे कोणती थंडी. अरे, खरीच थंडी रे बाबांनो, त्या झग्याला अस्तर नव्हतं! खेळण्यांच्या दुकानात यांची बाहुली आली, पाठीवरचं बटण दाबलं की म्हणते, "घरी जाऊया ना." यांच्याच आवाजात. मी भाजी घेऊन त्या दुकानावरून येत होते, एक पोरगी बटण दाबतेय, दाबतेय... मला थांबता येईना की पुढे जाता येईना.

म्हणून म्हणते, आत्म्याला दोन वाक्यं द्या, कशानं गेलो तेवढं सांगू दे त्याला. दोन वाक्यं सहज जमतील. सकाळी फार बरे असतात. कधीतरी मलाच विचारतात, "बाई, आपण कोणत्या खात्यात? मेकअप का?" मी म्हणते, हो, मेकअप. गाल पुढे करून बसतात...

का गं? ते कराराचे कागद परत पिशवीत का ठेवतेस? अगं, मी काय बोलले असं? पंखे नकोत, एवढंच — पंखे नसले की सगळं नीट होतं. मी असेन ना मागे. मी दिसणार नाही कुणाला, मला सवय आहे — साहेबांना विचारून कळवते म्हणजे? साहेबांना काय सांगणार तू?

— श्श. उठले वाटतं.

या हो. बसा. हो, कंपनीतूनच आल्यात. फुलं आणलीत बघा. चौथा भाग काढतायत, आणि तुम्हीच हवेत म्हणून मघापासून हात जोडतायत माझ्यासमोर. मीच नाही म्हटलं. म्हटलं, एकदा गेलेला देव परत यायचा नाही, आमच्या इतमामाला शोभत नाही ते. बरोबर केलं ना? — बघ, म्हणतायत, बरोबर केलं.

ऊठ गं तू आता. आणि, कानात सांगते, जाताना जरा तोंड पाडून जा, त्यांना दिसेल असं. — हं. अस्सं. जा.