अण्णांना फोन दे

हॅलो?… हॅलो, कोण?… मच्छिंद्र! अरे, दुपारीच तर फोन केल्ता ना तू… हो, केल्ता. आन् हेच विचारलं व्हतं, "अक्का, हॉटेल कसं चालू हाये?"… आठवत न्हाई? बरं, ऱ्हाऊ दे.

थांब, लई गलबला हाये इथं… अवो, कढईकडं बघा जरा, भजे करपतील! मच्छिंद्राचा फोन हाये मुंबईहून!… हां, बोल. मागच्या दारी आले मी. वडीगोद्रीच्या ह्या रोडचे ट्रक बोलू देत न्हाईत मेले.

जेवला का?… म्हणजे? जेवला का न्हाई हे बी ध्यानात न्हाई?… वजन उतरवायला पाणी सोडलं व्हतं, ते कळलं. पण काल काट्यावर उभा ऱ्हायला ना? मंग आता तरी पे की बाबा!

आज? आजच हाये कुस्ती?… त्या जाळीच्या पिंजऱ्यात?

न्हाई. बिलकुल न्हाई. अरे ऐक ना… ऐक म्हणते ना! मागच्या टायमाला काय झाल्तं? गळा आवळला त्यानं, तू बेशुद्ध. डाक्टरनं डोक्याचा फोटो काढून सांगितलं, आता मार बसला तर पोरगं हाती लागणार न्हाई. मी व्हते ना तिथं उभी!… बरं, तू इसरला. मी न्हाई इसरले.

हो… हो रे, ठाऊक हाये मला. मी बी वस्तादाचीच पोरगी हाये. पाठ मातीला लागू द्यायची न्हाई, म्हणून तू पालथा झाला. राजूरच्या जत्रेत पालथा पडणारा वाचतो, मच्छिंद्र. त्या पिंजऱ्यात पालथ्याच्या पाठीवर बसून नरडं धरतेत. आन् हात आपटला की सोडतेत म्हणं, तर तू तो बी आपटला न्हाई. "वस्ताद काय म्हणतील!"… आता कोण म्हणणार हाये?

…

काय?

…कोणाला फोन दे?

मच्छिंद्र… अण्णा न्हाईत रे आता. गेल्या आषाढात गेले. मळ्यात तूच अग्नी दिला ना… अरे, अरे, असं नको रडू, माझ्या राजा. गप. किती टायमाला नव्यानं रडशील… हां. पूस डोळे. लांब श्वास घे. घेतला?… शाबास.

…हां, बोल.

…परत अण्णांना फोन दे? आता तर सांगितलं तुला! …बरं. बरं बरं, चिडू नको. हाये ना. हायेत अण्णा. इथंच बाजेवर बसलेत… न्हाई, फोनवर येत न्हाईत, त्यांना कुठं ऐकू येतं आता. पण निरोप सांगून राह्यले बघ. म्हणतेत, "मच्छिंद्राला म्हणावं, आज जोड सोड. उतरू नको. पहिल्या गाडीनं घरी ये."

…असं कव्हाच म्हणले न्हाईत, खरं हाये. आज म्हणले. वस्तादाचा शब्द मोडतो का तू?

हसून कामून राह्यला?… कोण?… तुझ्यापाशी?… अण्णा तिथं हायेत?

हाताला पट्ट्या बांधून राह्यले तुझ्या?

…मच्छिंद्र, नीट बघ. कोण मानूस हाये तो?… अण्णाच? बरं, मंग त्यांना दे फोन. दे ना. मोठी बहीण सांगती, दे.

हॅलो… कोण तुम्ही?… मॅनेजर. मराठी कळतं ना?… मी त्याची बहीण बोलते, कौसल्या. अवो भाऊ, तो तुम्हाला आमचा बाप समजून राह्यला… ठाऊक हाये?… कव्हापासून?… आन् तरी त्याला उतरवून राह्यले तुम्ही?

"त्याच्यानं लगेच ऐकतो" म्हणजे?

…तिकिटं खपली असतील तर खपू द्या. माझा भाऊ हाये तो, भाऊ! न्हाई, न्हाई, ठेवू नका फोन. पाया पडते तुमच्या. ऐका… तुमचंच ऐकतो ना तो? मंग बापावानीच सांगा. म्हणा, "पोरा, सोड त्या पट्ट्या, बहिणीकडं जा." एवढंच. दुसरं काही मागत न्हाई मी…

सांगता?… खरं सांगता?

देव भलं करो तुमचं. फोन तसाच धरा, मला ऐकू द्या. मी गप ऱ्हाते.

…

…

असं काय म्हणले? अवो, असं न्हाई! "चल पोरा, लोक वाट बघून राह्यले" असं कामून सांगितलं त्याला? अवो मॅनेजर!… मच्छिंद्र! मच्छिंद्रा, उठू नको, बस खाली! तो आपला बाप न्हाई रे! अण्णा मेलेत! मेले अण्णा, ऐकू येतं का तुला, मेले—

हॅलो?